मांडवातल्या पन्ह्याचे गणित

एप्रिल आणि मे हे झरी जामणी तालुक्यात लग्नांचे महिने. शेतातली कामे आटोपलेली असतात, कापूस-तूर विकून हाती थोडा पैसा आलेला असतो, मुलांच्या शाळा सुटलेल्या असतात. अडचण एवढीच, की वर्षातले सर्वांत तापलेले दिवसही हेच. यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकाला पारा ४४-४५ अंशांवर गेला तरी त्याची आता बातमी होत नाही. मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपाचे नऊ दिवस वेगळेच. अशा दिवशी मुहूर्त दुपारचा निघतो, वरात तासभर रस्त्यावर नाचते आणि दोन-तीनशे माणसे कापडी मांडवाखाली दाटीने बसतात. मांडवाच्या दाराशी पन्ह्याची किंवा सरबताची घागर असते. आलेल्या पाहुण्याच्या हाती आधी पेला द्यायचा आणि मग बसायला सांगायचे, ही रीत.

त्या दिवशी कुणाला ऊन लागणार आणि कुणाचे पोट बिघडणार, हे बरेचसे या घागरीवर ठरते. पाणी कुठले, गूळ किती, मीठ घातले की नाही, बर्फ कुठून आणला आणि घागर किती वेळ उघडी राहिली, या पाच प्रश्नांची उत्तरे बरोबर असतील तर पन्ह्यासारखा उन्हावरचा उपाय नाही. ती चुकली, तर तीच घागर गावभर जुलाब वाटत फिरते. आणि त्यात कुणी गुपचूप बाटली रिकामी केली, तर तहान भागवणारे पेय तहान वाढवणारे होऊन बसते.

घामाबरोबर काय जाते?

बाहेरचे तापमान शरीराच्या तापमानापेक्षा, म्हणजे ३७ अंशांपेक्षा वर गेले की शरीराला थंड राहण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर तो शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत घाम लवकर वाळतो, त्यामुळे तो आलेला कळतही नाही. मुंबईचा पाहुणा इथे येऊन ‘घामच येत नाही’ म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात त्याचे पाणी भराभर उडत असते.

चुलीपाशी उभा असलेला आचारी, वरातीपुढे वाजवणारे वाजंत्री, मांडव उभारणारी पोरे यांच्या शरीरातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. लग्नात सर्वांत आधी ऊन लागते ते बहुधा यांनाच, आणि पेला मिळण्यात सर्वांत शेवटचा नंबरही यांचाच असतो. म्हातारी माणसे आणि लहान मुले यांचा धोका वेगळा आहे. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते. पाण्याची गरज असूनही ‘नको’ म्हटले जाते. मुले खेळण्याच्या नादात पाणी विसरतात.

घामातून नुसते पाणी जात नाही. लिटरभर घामात माणसागणिक कमी-अधिक, पण ढोबळमानाने एक ग्रॅमच्या आसपास सोडियम असते. म्हणून अनेक तास घाम गाळल्यावर केवळ साधे पाणी ढोसत राहिले, तर रक्तातले सोडियम विरळ होते आणि गळाठा, मळमळ, पायात गोळे अशी लक्षणे दिसतात. मीठ घातलेले पन्हे किंवा मठ्ठा इथेच उपयोगी पडतो.

उघड्यावरच्या गर्दीत ऊन किती घातक ठरते, हे महाराष्ट्राने एप्रिल २०२३ मध्ये पाहिले. नवी मुंबईतील खारघर येथे भर दुपारी मैदानावर झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीचे तापमान झरी जामणीच्या मेमधल्या तापमानापेक्षा बरेच कमी होते. त्यामुळे धोका मोजताना पाऱ्याबरोबर उन्हात काढलेले तास, दमट हवा, गर्दी आणि पोटात गेलेले पाणी हेही धरावे लागते.

गूळ आणि मीठ यांची जोडी

पाण्यात थोडा गूळ आणि थोडे मीठ, ही आजीबाईची युक्ती वाटते. तिचा वैज्ञानिक खुलासा मात्र १९६० नंतरचा आहे. लहान आतड्याच्या अस्तरात एक वाहक प्रथिन असते. ते सोडियम आणि ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेते; एकट्याला दार उघडत नाही. ही जोडी आत गेली की पाणीही तिच्यामागे ओढले जाते. रॉबर्ट क्रेन या संशोधकाने ही कल्पना १९६० मध्ये प्राग येथे मांडली.

तिचा सर्वांत मोठा कस लागला तो भारतात. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. जे मृत्युप्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्या खाली आले. यातूनच आजची जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, घरोघरी पोहोचली. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

इथे प्रमाण महत्त्वाचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर जलसंजीवनीत ग्लुकोज फक्त १३.५ ग्रॅम आणि मीठ २.६ ग्रॅम असते. लग्नातल्या सरबतात लिटरमागे दीडशे-दोनशे ग्रॅम साखर सहज पडते. इतके गोड पेय जठरातून हळू पुढे सरकते, पोट जड होते आणि थोड्या वेळाने पुन्हा घसा कोरडा पडतो. बाजारातल्या गोड शीतपेयांनी तहान भागत नाही, याचे एक कारण हेच.

पन्हे म्हणजे जलसंजीवनी नव्हे. जुलाब-उलट्या होत असतील तर पाकिटातली जलसंजीवनीच द्यायची. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पण घामाने गेलेले भरून काढायला गोडी आवरलेले आणि मीठ घातलेले पन्हे चांगले काम करते.

कैरी, चिंच आणि नदीपलीकडची पचडी

झरी जामणीत मराठीबरोबर कोलामी, गोंडी आणि तेलुगू कानी पडते. पेनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा. त्यामुळे इथल्या घागरीत दोन्हीकडच्या चवी उतरतात. अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, विदर्भातल्या अनेक घरांत चिंचेच्या कोळात गूळ कालवून चिंचवणी होते. नदीपलीकडे गुढीपाडव्याच्याच दिवशी उगादी असते. त्या दिवशी नव्या मडक्यात कैरी, चिंच, गूळ, मीठ, मिरची आणि कडुलिंबाची फुले घालून पातळ पचडी केली जाते. आंबट, गोड, खारट यांची सांगड दोन्हीकडे तीच.

विदर्भात पन्ह्याची कैरी निखाऱ्यात भाजण्याची पद्धत आहे. त्यात नुसती खमंग चव नाही. उष्णतेने कैरीतली विकरे निष्क्रिय होतात, त्यामुळे गर काळा पडत नाही. पेशींची बांधणी सैल होऊन गर सहज सुटतो आणि पन्ह्याला दाटपणा येतो. काही प्रमाणात ‘क’ जीवनसत्त्व मात्र नष्ट होते. ते हवे असेल तर गार झालेल्या पन्ह्यात शेवटी लिंबू पिळावे.

कैरी, चिंच, लिंबू यांच्या आंबटपणाचा आणखी एक फायदा आहे. आम्लामुळे अनेक जंतूंची वाढ रोखली जाते. पटकीच्या जंतूला तर आम्ल मुळीच सोसत नाही. पण म्हणून आंबट पेय सुरक्षितच, असे समजणे चूक. काविळीचा ‘अ’ विषाणू आम्लाला दाद देत नाही आणि जुलाबाचे काही जंतूही त्यात तग धरतात. आंबटपणा हा मदतनीस आहे, पाण्याच्या शुद्धतेला पर्याय नाही.

याच घागरीत बसतील अशी इथली आणखी फळे म्हणजे बेल, कवठ आणि टरबूज. टरबुजात ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि त्याची स्वतःची गोडी इतकी असते की वर साखर लागतच नाही. त्यात चिमूटभर मीठ, लिंबू आणि पुदिना एवढे पुरते.

दहा लिटरचा हिशेब

सुमारे पन्नास पेल्यांसाठी (पेला २०० मिलीलीटरचा) हा हिशेब धरावा.

• कैऱ्या दीड ते दोन किलो, भाजून किंवा उकडून, साल-कोय काढून घेतलेला गर
• गूळ ६०० ग्रॅम
• मीठ चार सपाट चहाचे चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम
• भाजलेल्या जिऱ्याची पूड दोन-तीन चमचे, वेलची आवडीप्रमाणे
• शुद्ध केलेले पाणी, एकूण दहा लिटर होईपर्यंत

यात प्रत्येक पेल्याला साधारण १० ग्रॅम साखर आणि ०.४ ग्रॅम मीठ येते. पहिल्या घोटाला गोडी कमी वाटेल. उन्हातून आलेल्याला मात्र हेच पन्हे गोड लागते. तीनशे पाहुण्यांना दोन-दोन पेले द्यायचे तर १२० लिटर पन्हे, म्हणजे सव्वासात किलो गूळ आणि पाव किलोच्या आत मीठ. नेहमीच्या गोड सरबतापेक्षा साखरेचा खर्चही निम्म्याहून कमी.

गुळाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण त्याच्या वजनाचा बहुतांश भाग साखरच आहे. मधुमेही माणसाला गुळाचे पन्हे साखरेच्या पन्ह्याइतकेच जपून घ्यावे लागते. त्यांच्यासाठी मिठा-जिऱ्याचा पातळ मठ्ठा वेगळा ठेवणे सोपे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी मीठ आणि पाणी किती घ्यायचे, हे डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच ठेवावे.

पाणी कुठले?

पन्हे कितीही काळजीने केले तरी त्याचा दहातला आठ-नऊ हिस्सा पाणीच असते. उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसू लागतो, तळातले पाणी गढूळ असते. कोलाम पोडांवर ते लांबून आणावे लागते. लग्नाच्या दिवशी टँकर येतो आणि तेच पाणी ड्रममध्ये भरले जाते. त्या ड्रममध्ये काल काय होते, हे कुणी विचारत नाही.

आधी पाणी दुहेरी फडक्यातून गाळावे. मग क्लोरीनची गोळी किंवा द्रावण पाकिटावरच्या प्रमाणात घालून अर्धा तास झाकून ठेवावे. यात क्रम सांभाळायचा असतो. कैरीचा गर किंवा चिंचेचा कोळ आधी घातला, तर क्लोरीन त्या गराशीच झटापट करण्यात संपून जाते आणि जंतू शाबूत राहतात. म्हणून पाणी आधी शुद्ध, मग त्यात फळ. गर शिजवण्याचे पाणी तर उकळलेलेच असते; तेच पन्ह्यात वापरावे, फेकू नये.

या भागात पाण्याचा आणखी एक प्रश्न आहे, तो म्हणजे फ्लोराइड. पांढरकवडा परिसरातल्या भूजलातील फ्लोराइडवरचा अभ्यास ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. झरी जामणीसह या पट्ट्यातल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते प्रमाणाबाहेर आढळले आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलीग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते आणि दुसरा स्रोतच नसेल तर कमाल मर्यादा दीड मिलीग्रॅमची. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे-सांधे आखडतात. लग्नातल्या दोन पेल्यांनी फ्लोरोसिस होत नाही. पण उन्हाळ्यात माणूस दुप्पट पाणी पितो, म्हणजे फ्लोराइडही दुप्पट घेतो. म्हणून गावातली कुठली बोअर लाल खुणेची आहे हे ठाऊक असणे आणि रोजच्या पिण्यासाठी ती टाळणे गरजेचे.

पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही; उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. ते काढण्याची तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरणारी ‘नलगोंडा पद्धत’ नागपूरच्याच ‘नीरी’ या संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केली. फ्लोराइडसाठी कुप्रसिद्ध असलेल्या नलगोंडा जिल्ह्याचे नाव तिला मिळाले. चिंचवणीचा विषय निघालाच आहे, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा एक छोटा अभ्यास सांगण्याजोगा आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात शाळकरी मुलांना १८ दिवस रोज १० ग्रॅम चिंच देण्यात आली, तेव्हा लघवीवाटे बाहेर पडणाऱ्या फ्लोराइडचे प्रमाण वाढलेले दिसले. अभ्यास लहान आहे, त्यामुळे चिंच खा आणि कुठलेही पाणी प्या, असा अर्थ त्यातून निघत नाही. चांगल्या पाण्याबरोबर चिंचेची जोड वाईट नाही, एवढेच.

बर्फ आणि भांडे

घागरीतला सर्वांत बेभरवशाचा घटक म्हणजे बर्फ. मासळी किंवा भाजी टिकवण्यासाठी तयार होणाऱ्या लाद्या पिण्याच्या पाण्याच्या असतीलच असे नाही. म्हणूनच २०१८ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग घालणे बंधनकारक केले. निळसर बर्फ दिसला तर तो सरबतात घालायचा नाही. पांढरा असला तरी तो गोणपाटात, भुशात लोळून येतो, ट्रॉलीत पायांखाली येतो. गोठल्याने जंतू मरत नाहीत. बहुतेक जण नुसते थांबून राहतात आणि बर्फ विरघळला की जागे होतात.

यावर साधा उपाय म्हणजे बर्फ घागरीबाहेर ठेवणे. मोठ्या टोपात बर्फ घालून त्यात पन्ह्याचे भांडे बसवावे. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे माठ. मातीच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता ओढून घेते, घामाचेच तत्त्व. कोरड्या हवेत हे काम जोरात चालते, म्हणून विदर्भातला माठ कोकणातल्या माठापेक्षा जास्त गार होतो. आदल्या रात्री शुद्ध पाणी माठात भरून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी बर्फाची गरज निम्मी होते.

भांडे निवडतानाही डोळे उघडे हवेत. लग्नात मिरवायला काढलेली तांब्या-पितळेची घागर कल्हई नसेल तर पन्ह्यासाठी वापरू नये. कैरी आणि चिंचेचे आम्ल तांबे विरघळवते, पेय हिरवट-कडवट होते आणि अर्ध्या तासात मळमळ-उलट्या सुरू होऊ शकतात. कल्हई केलेले पितळ, स्टील, चिनीमाती किंवा मातीचे भांडे चालते. रंगाचे, खताचे किंवा औषधाचे रिकामे ड्रम कितीही धुतले तरी नकोत.

घागरीवर झाकण आणि काढायला लांब दांड्याचे ओगराळे हवे. पेला बुडवून घेण्याची सवय मोडली, तर निम्मा धोका टळतो. कारण एका हाताची घाण मग पन्नास पेल्यांत जात नाही. सकाळी केलेले पन्हे संध्याकाळी फेसाळले, किंचित झणझणीत लागले, तर ते आंबले आहे. ते पाहुण्यांना न देता टाकून द्यावे. गर आणि गुळाचा पाक वेगवेगळे करून ठेवावेत आणि लागेल तसे दहा-दहा लिटर कालवावे, म्हणजे नासधूस होत नाही.

मोह, ताडी आणि ‘मिसळलेले’ सरबत

आंबणे ही प्रक्रिया या भागाला नवी नाही. ताड-शिंदीचा रस पहाटे उतरवला तर ती नीरा. तोच रस काही तास उन्हात राहिला तर हवेतले आणि मडक्यातले यीस्ट त्यातली साखर खाऊन मद्यार्क तयार करतात आणि त्याची ताडी होते. भांडे तेच, झाड तेच, फरक फक्त वेळेचा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मोहाची फुले वेचणे हा कोलाम आणि गोंड कुटुंबांचा हंगामी आधार. वाळलेल्या मोहफुलांचे निम्म्याहून अधिक वजन साखरेचे असते, म्हणून ती भाजून-शिजवून खाल्लीही जातात आणि आंबवून दारूही गाळली जाते. गोंडांच्या अनेक विधींत मोहाला मान आहे. त्याबद्दल कुणी नाक मुरडण्याचे कारण नाही. पण विधीतला घोट आणि ४५ अंशांत वरातीपुढचे पिणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अलीकडे शहरी मेजवान्यांचे पाहून फळांच्या रसात दारू मिसळून मोठा जग भरण्याची टूम लग्नातही आली आहे. फळांची गोडी दारूची चव झाकते आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. हिशेब करून पाहा. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ७५० मिलीलीटर बाटलीत सुमारे २५० ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे ३० मिलीलीटरचे २५ पेग. ती बाटली ओतून तीन लिटरचा जग केला, तर अडीचशे मिलीलीटरच्या प्रत्येक पेल्यात दोन पेग येतात. पिणाऱ्याला मात्र आपण सरबतच पितो आहोत असे वाटते. तहान लागलेला माणूस पाण्यासारखा घटाघटा पितो. तीन पेल्यांत सहा पेग होतात.

मद्यार्क मेंदूतून सुटणाऱ्या, लघवी रोखणाऱ्या संप्रेरकाला दाबतो. ढोबळमानाने एक ग्रॅम मद्यार्कामागे १० मिलीलीटर जादा लघवी होते. म्हणजे वरच्या हिशेबातल्या एका पेल्याने २५० मिलीलीटर पोटात जाते आणि त्यातले २०० मिलीलीटर जादा लघवीवाटे निघून जाऊ शकते. घाम वेगळाच. शिवाय दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो, चक्कर येते आणि ‘आता सावलीत बसायला हवे’ हे सांगणारी बुद्धीच आधी झोपते. उन्हात नाचणारा तरुण कोसळला की ‘जास्त झाली’ म्हणून त्याला बाजूला निजवतात; तो उष्माघात असू शकतो हे ध्यानात येत नाही.

हातभट्टीची किंवा कुठून आली हे माहीत नसलेली दारू घागरीत मिसळणे याहून घातक. तिची तीव्रता कुणालाच ठाऊक नसते. तिच्यात औद्योगिक मिथेनॉल मिसळलेले असेल, तर काही तासांनी दृष्टी धूसर होते, पोटात कळ येते आणि जीवही जातो. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत अशाच विषारी दारूने शंभरावर बळी घेतले.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले, की आरोग्याला निर्धोक म्हणावे असे दारूचे कुठलेही प्रमाण नाही. तरीही एखाद्या घरी दारू असणारच असेल, तर निदान चार गोष्टी पाळता येतात. घागरीत ती कधीच मिसळू नये. ज्याला घ्यायची त्याने आपल्या पेल्यात मोजून घ्यावी. दारूत भिजलेली फळे मुलांच्या हाती लागू नयेत, कारण मद्यार्क फोडींत मुरलेला असतो. ऊन उतरेपर्यंत थांबावे आणि दर पेगमागे एक पेला पाणी प्यावे. आणि परतताना दुचाकी चालवणाऱ्याने तिला शिवूही नये. १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅमहून अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा कायद्याने गुन्हा आहे.

ऊन लागलेच तर

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, खूप घाम ही उन्हाच्या थकव्याची लक्षणे. अशा माणसाला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत आणि घोट-घोट मिठाचे पन्हे किंवा जलसंजीवनी पाजावी. अंग तापून ४० अंशांच्या वर गेले, माणूस बरळू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. अशा वेळी तोंडाने काहीही देऊ नये. पेय श्वासनलिकेत जाऊ शकते. लगेच १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर पाणी ओतून जोरात वारा घालत राहावा. काखेत, मानेवर, जांघेत बर्फ ठेवावा. पन्ह्यासाठी न चालणारा निळा बर्फही इथे चालतो. खिशात ठेवलेल्या कांद्याने ऊन लागत नाही अशी जुनी समजूत आहे. कांदा खिशात असला तरी हरकत नाही; त्याच्या भरवशावर पाणी पिणे तेवढे सोडू नये.

मांडवात घागर ठेवताना एक माणूस तिच्यासाठी नेमावा. पाणी कधी शुद्ध केले, पन्हे किती वाजता कालवले, हे त्याला ठाऊक असावे. दर अर्ध्या तासाने एक भांडे आचाऱ्यांकडे आणि एक वाजंत्र्यांकडे पाठवायची जबाबदारीही त्याचीच. सोयऱ्यांना पेला दारातच मिळतो. चुलीपाशी आणि ढोलामागे उभ्या असलेल्यांना तो नेऊन द्यावा लागतो.